झटका बसला की घट्ट होणारे पदार्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉर्नफ्लोअर आणि पाण्याचं मिश्रण हळू ढवळलं तर वाहतं आणि त्यावर मूठ आपटली तर दगडासारखं लागतं. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनापासून बाइकच्या जॅकेटमधल्या पॅडपर्यंत हा गुण भेटत राहतो, आणि त्याबद्दलचे तेच ते प्रश्नही. सोप्यापासून सुरुवात करून अडचणीच्या प्रश्नांकडे गेलो आहोत. एक उत्तर दुसऱ्याशी जोडलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा नेमका काय प्रकार आहे? मध किंवा टोमॅटो सॉसपेक्षा यात वेगळं काय?

द्रव वाहायला किती विरोध करतो त्याला पाठ्यपुस्तकात विष्यंदिता म्हणतात. पाणी, गोडं तेल, मध यांची विष्यंदिता ढवळण्याच्या वेगावर अवलंबून नसते. मध घट्ट खरा, पण चमचा सावकाश फिरवा की जोरात, तो तेवढाच घट्ट राहतो. हे न्यूटनच्या नियमात बसणारे द्रव.

सॉस त्यात बसत नाही. बाटली उलटी धरली तर हलत नाही, हिसका दिला की भसकन येतो, म्हणजे जोर लावला की तो पातळ होतो. रंग, टूथपेस्ट, इडलीचं पीठ याच जातीचं. आपला विषय याच्या बरोबर उलट आहे: जोर वाढला की विरोध वाढतो, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तो एकदम कित्येक पटींनी उसळतो. जोर काढला की पदार्थ पुन्हा वाहू लागतो. हे परत येणं महत्त्वाचं आहे (प्र. १२ पाहा).

२. आपल्या घरात, आसपास हे कुठे दिसतं का?

दिसतं, आणि अनेक घरांनी प्रयोग म्हणून न करताही पाहिलेलं आहे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून चीक रात्रभर ठेवतात. सकाळी वर पिवळसर निवळ आणि तळाशी पांढरंशुभ्र सत्त्व. निवळ ओतून टाकली आणि त्यात डाव खुपसायला गेलं की डाव अडतो, तळ खरवडल्यासारखा आवाज येतो. बोट नुसतं टेकवून ठेवलं तर ते आपोआप आत जातं. खरवडून काढलेला ढेकूळ मुठीत असेपर्यंत कोरडा, तडकलेला दिसतो. मूठ सैल केली की त्याला चकाकी येते आणि तो बोटांच्या फटींतून खाली गळतो. गव्हाच्या स्टार्चचे कण आणि त्यांच्यात जेमतेम मावेल एवढंच पाणी, ही अगदी योग्य अवस्था असते.

दुसरी जागा समुद्रकिनारा. ओल्या, घट्ट वाळूवर पाऊल टाकलं की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट पडते. शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचं कारण सांगितलं: दाटीवाटीने बसलेल्या कणांना एकमेकांवरून सरकायचं तर आधी थोडं पसरावं लागतं, त्यामुळे फटी वाढतात आणि पृष्ठभागावरचं पाणी आत ओढलं जातं. मुठीतला ढेकूळ कोरडा दिसतो त्यामागेही हेच आहे.

३. आत काय घडतं? कण एकमेकांना चिकटतात का?

चिकटत नाहीत, अडतात. कॉर्नफ्लोअरचे कण साधारण ५ ते २० मायक्रॉनचे असतात, केसाच्या जाडीहून कितीतरी लहान. प्रत्येकाभोवती पाण्याचा पापुद्रा असतो. हळू ढवळलं की त्या पापुद्र्यावरून कण एकमेकांना वाट देत निघून जातात. जोर एका मर्यादेपलीकडे गेला की पापुद्रा पिळून निघतो आणि कणाला कण प्रत्यक्ष घासतो. घर्षण आलं की आधाराच्या साखळ्या तयार होतात आणि सगळी गर्दी एकदम अडकते. लोकलच्या दारात सगळे एकदम पुढे रेटले की कोणीच हलत नाही, तसं.

१९८०च्या दशकात संगणकी प्रतिकृतींवरून पाण्याच्या दाबामुळे होणाऱ्या कणांच्या झुबक्यांवर भर होता. २०१३-१४ पासूनच्या कामात प्रत्यक्ष घर्षणाला मोठं स्थान मिळालं, आणि विरोध अचानक का उसळतो ते त्यातून जास्त चांगलं समजतं.

मूठ मारल्यावर आणखी एक गोष्ट घडते. शिकागो विद्यापीठातल्या स्कॉट वाइटुकायटिस आणि हाइनरिख येगर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की आघाताखाली घट्ट झालेला गोळा तयार होतो आणि तो पुढे पुढे वाढत जातो, बर्फ ढकलणाऱ्या फाळापुढे ढीग साठत जावा तसा. आधार त्या वाढत्या गोळ्याच्या वजनाचाही असतो.

४. घरी करायचं तर नेमकं प्रमाण काय?

५०० ग्रॅम कॉर्नफ्लोअरला ४०० ते ४४० मिलिलिटर साधं, थंड पाणी. वजनाने स्टार्च ५३ ते ५६ टक्के येतो. घरातल्या डिजिटल काट्यावर तोला. वाटीने मोजलं तर फसगत होते, कारण हलकं भरलेली आणि दाबून भरलेली वाटी यांत सहज २० टक्क्यांचा फरक पडतो, आणि इथे दोन-तीन टक्क्यांवर खेळ आहे.

परातीत पीठ घ्या आणि आधी ४०० मिलिलिटर पाणी घाला. बोटं तळाशी सरकवून मिश्रण हळूच वर उचला आणि परत पडू द्या, पाच मिनिटं असंच. मिक्सर किंवा हँड ब्लेंडर लावू नका: पातं अडकतं, मोटर तापते, जळूही शकते. कोरडं पीठ दिसेनासं झालं की १०-१० मिलिलिटरने पाणी वाढवा. परात कलती केल्यावर मिश्रण सलग वाहायला हवं आणि तळहाताने चापट मारल्यावर एकही थेंब उडायला नको. दोन्ही एकाच वेळी जमलं की थांबा.

पावसाळ्यात उघड्या पिठाने आधीच ओल धरलेली असते. तेव्हा ३८० मिलिलिटरपासून सुरू करणं बरं.

५. माझं जमलं नाही. काय चुकलं?

चापट मारल्यावर शिंतोडे उडतात: पाणी जास्त झालं. २०-२० ग्रॅम पीठ भुरभुरवा, किंवा अर्धा तास तसंच ठेवून वर आलेलं पाणी चमच्याने काढा.

हळू ढवळतानाही भेगा पडतात: पाणी कमी. बोटं बुडवून एक-एक चमचा शिंपडा. एकदम ओतलं तर पाणी वरच राहतं आणि खालचा गोळा फुटत नाही.

सुरुवातीला छान होतं, आता वर पाणी आणि खाली दगड: बिघडलेलं काही नाही. स्टार्चची घनता पाण्याच्या दीडपटीहून जास्त असते, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात ते खाली बसू लागतं. तळाशी हात घालून सावकाश उकला. प्रयोगशाळेत हे टाळायला पाण्यात सीझियम क्लोराइड विरघळवून त्याची घनता स्टार्चएवढी करतात. घरी त्याची गरज नाही आणि तो क्षार घरात आणायचाही नाही.

पंख्याखाली तासभर खेळून कडक झालं: पाणी उडालं. दोन-तीन चमचे परत घाला.

६. कॉर्नफ्लोअर नसेल तर मक्याचं पीठ, मैदा, आरारूट, साबुदाणा चालेल का?

सर्वात जास्त फसवणारी जोडी कॉर्नफ्लोअर आणि मक्याचं पीठ. भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ म्हणजे अख्खा दाणा दळलेला. त्यात साल, प्रथिनं, तेल, मोठे रवाळ तुकडे असतात. ते चालत नाही. हवा तो दुकानात कॉर्नफ्लोअर नावाने मिळणारा पांढरा, बोटांत दाबला की करकरणारा शुद्ध स्टार्च.

मैदा नाही. ग्लूटेनमुळे त्याचा चिकट लगदा होतो. तांदळाच्या पिठात थोडासा परिणाम जाणवतो, पण कण एकसारखे नसल्याने मजा येत नाही. कस्टर्ड पावडर चालते, कारण ती मुख्यतः कॉर्नफ्लोअरच असते. महाग पडते, एवढंच. बटाट्याचा स्टार्च चालतो. त्याचे कण मोठे असल्यामुळे तो लवकर बसतो. आरारूट किंवा टॅपिओका स्टार्च कच्चा असेल तर चालतो.

साबुदाणा मात्र दळून घेतला तरी नाही. तो टॅपिओकाचाच, पण गोळ्या करताना भाजला जातो. उष्णतेने त्याचा स्टार्च अर्धवट शिजलेला असतो, आणि शिजलेले कण पाणी पिऊन फुगतात. फुगलेला मऊ कण घासत नाही, दबतो.

७. गरम पाणी वापरलं तर लवकर मिसळेल ना?

मिसळेल, आणि कायमचं बिघडेल. साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सियसला मक्याचे कण फुगून फुटतात आणि त्यांची खळ होते. चीक शिजवल्यावर पारदर्शक, चकचकीत होतो ते हेच. थंड केल्याने कच्चे कण परत येत नाहीत. कोमट पाणी, हाताला सुखद वाटेल इतपत, चालेल.

८. किती दिवस टिकतं? टाकायचं कसं?

झाकून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. आंबूस वास आला की टाकून द्या. चिमूटभर मीठ घालून फार फरक पडत नाही.

सिंकमध्ये किंवा मोरीत ओतू नका. पाइपच्या वाकणात स्टार्च खाली बसतो, घट्ट थर धरतो, आणि वरून कडकडीत पाणी ओतलं तर त्याची खळ होऊन आणखी चिकटतो. ताटात पातळ पसरून उन्हात वाळवा, खपली काढा आणि ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाका. कपड्यावर पडलं तर वाळू द्या आणि झटका, पाण्याने घासू नका.

९. यावर खरंच धावता येतं का? स्नेहसंमेलनासाठी हौद करायचा आहे.

येतं. आधी हिशेब करा. २ मीटर लांब, १ मीटर रुंद हौदात १५ सेंटिमीटर खोली म्हणजे ३०० लिटर मिश्रण. त्याचं वजन ३८० किलोच्या आसपास, त्यात साधारण २१० किलो कॉर्नफ्लोअर आणि १७० लिटर पाणी. हौदाच्या भिंती आणि खालची फरशी हे पेलणारी हवी, म्हणून गच्चीऐवजी जमिनीवर करा. मिश्रण सिमेंटच्या लहान मिक्सरमध्ये सगळ्यात मंद वेगावर, थोडं थोडं करून बनवा.

खोली वाढवून फायदा होत नाही. प्र. ३ मधला घट्ट गोळा तळापर्यंत पोचला की पायाला जमिनीचा आधार मिळतो, म्हणून उथळ हौदात धावणं सोपं जातं. पावलं आखूड आणि सपाट, तळवा पूर्ण टेकवून. उभं राहिलं की काही सेकंदांतच पाय रुततात. रुतलेला पाय हिसकू नका, हळू फिरवत काढा.

दर वीस मिनिटांनी तळ उकलावा लागतो. बाहेर पडणारी जागा अतिशय निसरडी होते, तिथे गोणपाट टाका. लहान मूल तोंडावर पडलं तर त्याला हातपाय झाडूनही सुटता येत नाही, झाडण्यानेच मिश्रण आवळतं. प्रत्येक फेरीला शेजारी एक मोठं माणूस हवंच.

१०. स्पीकरवर ते नाचतं कसं?

जुन्या वूफरच्या कोनावर प्लॅस्टिकची फिल्म सैलसर बसवा, वर सेंटिमीटरभर मिश्रण ओता आणि मोबाइलवरून ३० ते ८० हर्ट्झचा एकच सूर वाजवा. आवाज सावकाश वाढवा. प्रत्येक धक्क्याला मिश्रण क्षणभर घट्ट होतं, मध्ये सैल पडतं, आणि त्यातून बोटांसारखे खांब उभे राहतात. काहीच झालं नाही तर मिश्रण बहुधा पातळ आहे. फिल्म फाटून कोन भिजला तर स्पीकर गेला, तेव्हा टाकाऊ स्पीकरच घ्या.

११. दलदलीत जास्त धडपड केली की माणूस जास्त रुततो. ते हेच का?

नाही, जवळपास उलट आहे. रुतवणाऱ्या वाळूत मीठ, चिकणमाती आणि पाणी असतं, आणि हलवली की ती आधी पातळ होते. म्हणून पाय आत जातो. नंतर वाळू पायाभोवती दाटून बसते. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या गटाने २००५ मध्ये मोजलं: सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने पाय ओढायला मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतका जोर लागतो. पण माणूस या वाळूपेक्षा खूप हलका असल्याने कमरेच्या खाली फारसा जात नाही. खरा धोका भरतीचा असतो. खाडीच्या गाळात पाय अडकला तर मागे रेला आणि पाय थोडा थोडा हलवून भोवती पाणी शिरू द्या.

१२. ताक घुसळून लोणी येतं, अंड्याचा पांढरा भाग फेटून घट्ट होतो. ते यात मोडतं का?

मोडत नाही. थांबल्यावर लोणी पुन्हा साय होत नाही. तिथे स्निग्धाचे गोळे एकत्र येतात, अंड्यात प्रथिनं हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं विणतात. रचनाच बदलते. आपल्या पदार्थात जोर काढताच सगळं पूर्ववत होतं.

१३. उसळणारी पुट्टी आणि स्लाइम?

पुट्टीत कण अडण्याचा प्रकार नाही. सिलिकॉनचे लांब रेणू आणि त्यांना तात्पुरतं जोडणारं बोरॉन असतं. हळू ओढलं तर जोड सुटून पुन्हा लागायला वेळ मिळतो, म्हणून ताणत जातं. झटका दिला तर वेळ मिळत नाही, म्हणून उसळतं किंवा तुटतं. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई असताना कृत्रिम रबर शोधण्याच्या प्रयत्नातून ही निघाली. डिंक आणि टाकणखाराचा स्लाइम याच कुळातला. टाकणखार पोटात जाऊ देऊ नका, लहान मुलांसाठी कॉर्नफ्लोअरच बरं.

१४. बाइक जॅकेटमधले मऊ पॅड धडकेत कडक होतात म्हणे. घेताना काय पाहू?

ते पिठाचं गाठोडं नसतं. डी३ओसारख्या ब्रँडच्या पॅडमध्ये पुट्टीच्या जातीचा पदार्थ फोममध्ये मिसळलेला असतो (प्र. १३). अंगठ्याने सावकाश दाबलं तर वाकतं, टेबलावर आपटलं तर टणक लागतं.

जाहिरातीपेक्षा पॅडवरचा शिक्का वाचा. हातापायांच्या पॅडवर ईएन १६२१-१ (युरोपीय मानकाचा क्रमांक) हवं. २०१२ च्या आवृत्तीनुसार ५० जूलच्या आघातात पलीकडे पोचणारा सरासरी जोर लेव्हल १ ला ३५ किलोन्यूटनपर्यंत, लेव्हल २ ला २० पर्यंत चालतो. पाठीसाठी वेगळं मानक आहे, ईएन १६२१-२, आणि त्यात लेव्हल २ ची मर्यादा ९ किलोन्यूटन. पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा असेल तर तो पॅड समजू नका.

हे पदार्थ थंडीत कडक आणि उन्हात मऊ होतात. म्हणून टी प्लस (४० अंशांची ऐच्छिक चाचणी) आणि टी मायनस (उणे १० अंशांची) या खुणा पाहा. लडाखला जाणाऱ्याने टी मायनस बघावं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे टी प्लसच्या चाचणीपेक्षाही वर. जॅकेट उन्हात सीटवर टाकून ठेवू नका. आणि मोठ्या मापाचं जॅकेट घेऊ नका: घसरताना पॅड कोपरावरून सरकला तर त्याची लेव्हल काही कामाची नाही.

१५. मग हेल्मेटमध्ये थर्माकोलऐवजी हेच बसवलं तर?

स्वतः अजिबात नाही. तो थर्माकोल चिरडून ऊर्जा खातो. त्याचं चिरडणं हेच काम आहे, आणि म्हणूनच मोठ्या आघातानंतर हेल्मेट बदलायचं. त्यात फेरफार केला की आयएस ४१५१ या हेल्मेटच्या भारतीय मानकाची खूण निरर्थक ठरते.

१६. बुलेटप्रूफ जाकिटात हे वापरतात का?

संशोधन झालं आहे. डेलावेअर विद्यापीठ आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये एथिलिन ग्लायकॉलमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळून ते केवलार या बुलेटप्रूफ जाकिटांच्या मजबूत धाग्याच्या कापडात जिरवलं. पाणी उडून जातं आणि स्टार्च कुजतो, म्हणून हे दोन पर्याय. कापड लवचीक राहतं, आणि आघातात धागे एकमेकांतून सहज सुटत नाहीत. त्यातला किती वाटा द्रव घट्ट होण्याचा आणि किती धाग्यांमधल्या वाढलेल्या घर्षणाचा, हे वेगळं करणं सोपं नाही. कॉर्नफ्लोअरच्या पिशवीवर एअरगन चालवून पाहू नका.

१७. रस्त्यातले खड्डे याने भरता येतील का?

कल्पना मांडली गेली आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये असं मिश्रण भरलेल्या पिशव्या खड्ड्यात ठेवायचं सुचवलं: पिशवी खड्ड्याचा आकार घेते आणि चाक वरून गेलं की टणक होते. पक्की दुरुस्ती होईपर्यंतची ही सोय.

आपल्या रस्त्यांवर अडचण वाहतूक थांबते तिथे येते. सिग्नलला उभ्या ट्रकचं चाक म्हणजे हळू, सततचा दाब, आणि त्याखाली हा पदार्थ द्रवच असतो. पिशवी बाजूला सरकते, ताणते, फुटते. पावसाळ्यात पाणी शिरलं तर प्रमाण बिघडतं (प्र. ४).

१८. आमच्या कारखान्यात घट्ट स्लरी पंप करताना पाइप अचानक जाम होतो. कारण हेच असेल का?

शक्यता आहे. कागदावरचे लेप, पीव्हीसीचे घोळ, सिरॅमिक आणि काही सिमेंटच्या मिश्रणांत हे घडतं. ओळख अशी: वेग वाढवला की प्रवाह वाढण्याऐवजी मोटरचा करंट एकदम चढतो, आणि वेग कमी केल्यावर सगळं सुरळीत होतं. वेग कमी करूनही जाम सुटला नाही तर कण तळाशी बसलेत किंवा मिश्रण सेट होतंय, ते वेगळं प्रकरण.

पहिला उपाय पंप मंद करणं आणि अरुंद जागा, तीव्र वाकणं, अर्धवट उघडे व्हॉल्व्ह काढणं. दुसरा, घन भाग एक-दोन टक्क्यांनी कमी करणं. एवढ्याने अनेकदा सुटतं. तिसरा, एकाच मापाचे कण न वापरता लहान-मोठे मिसळणं, म्हणजे बारीक कण फटींत बसतात आणि तेवढ्याच घन भागात वाहायला मोकळी जागा मिळते. विखुरण बदलणारं रसायन घालायचं असेल तर आधी बादलीत करून पाहा, कारण चुकीच्या मात्रेत तेच जाम वाढवू शकतं. आणि जाम झाल्यावर पंपाचा दाब वाढवू नका. पंप बंद करा, दाब सोडा, काही मिनिटं थांबा, मग सगळ्यात मंद वेगावर परत सुरू करा.